जार लावण्याआधी संपचं झाकण उघडून बघा

कोपरखैरण्यात नव्यानं राहायला आलोय, घरात दीड वर्षाचं मूल आहे, मजल्यावरच्या बाकी तिन्ही घरांत जार येतो, मग आपणही लावावा की नळाचंच प्यावं, असं तुम्ही विचारलंय. मी नेरुळात २५ वर्षं राहतोय. त्यातली ६ सोसायटीच्या कमिटीत गेली, म्हणजे पाण्याच्या तक्रारी ऐकणं हा जोडधंदाच होता म्हणा. रोजच्या पिण्यासाठी जार लावू नका, असं माझं मत. पण नळाचं पाणीही आज आहे तसं मुलाला देऊ नका. आधी ते तुमच्या बिल्डिंगमध्ये कुठून कसं फिरतं ते बघा.

आपल्या नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं धरण आहे, खालापूर तालुक्यात धावरी नदीवरचं मोरबे. पाणी भोकरपाड्याला शुद्ध होतं, क्लोरीन घालून इकडे येतं. सह्याद्रीच्या कातळावरून वाहून आलेला हा पाऊस, त्यामुळे क्षार मुळातच कमी. माझ्या स्वयंपाकघरात टीडीएस मीटर, म्हणजे लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारं यंत्र, ७० ते ८० च्या पुढे जात नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, ५०० पर्यंत चालतं.

हे मुद्दाम सांगतोय, कारण नवीन बिऱ्हाड दिसलं की आरओवाला, म्हणजे पाण्यातले क्षार गाळून काढणारं मशीन विकणारा, येतोच. तो दोन ग्लास मांडतो, एकात तुमचं नळाचं पाणी आणि दुसऱ्यात बाटलीचं किंवा त्याच्या मशीनचं. दोन्हीत विजेच्या सळया बुडवतो. मिनिटभरात नळाचं पाणी गंजासारखं तपकिरी होतं, वर फेस येतो आणि आपल्याला मळमळायला लागतं. ती घाण पाण्यातली नसते, सळईचं लोखंड विरघळलेलं असतं. पाण्यात थोडे क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड सुटतं. आरओच्या पाण्यात क्षारच नाहीत म्हणून ते स्वच्छ दिसतं. आमच्याकडे आलेल्या पोराला मी म्हटलं, तुझ्या ग्लासात चिमूटभर मीठ टाक आणि परत लाव. त्यानं टाकलं नाही. बॅग आवरली आणि पुढच्या घराची बेल वाजवली. टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओला मनाई करा, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्येच केंद्राला सांगितलं होतं. आपल्या ७०-८० ला आरओ म्हणजे एक लिटर पिण्यासाठी दोन-तीन लिटर मोरीत सोडणं.

आता खरी गोष्ट. एका वर्षी गणपतीनंतर आमच्या बी विंगमध्ये पोटं बिघडायला लागली. आधी एका घरात, मग चार घरांत, एका मुलीला कावीळ. सगळ्यांनी महापालिकेच्या नावानं शंख केला. मी केमिस्टकडून एचटूएस टेस्टच्या बाटल्या आणल्या. छोटी बाटली असते, खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून एक-दोन दिवस ठेवायची. मैल्यातले जंतू असले तर पाणी काळं पडतं. पाच भरल्या: महापालिकेच्या मीटरजवळची, खालच्या संपची (जमिनीतल्या टाकीची), गच्चीवरच्या टाकीची, माझ्या किचनची आणि शेजाऱ्यांकडच्या जारची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीटरजवळची तशीच होती. संपची काळी कुळकुळीत, टाकी आणि किचन त्याच वाटेवर. आणि जारची? तीही काळी. त्या जारवर ना लेबल होतं ना सील, शेजारी तीन वर्षं तो बिनघोर पीत होते.

रविवारी संप उपसला. झाकण पार्किंगच्या जमिनीला टेकलेलं, कडेनं बोटभर फट. वॉचमन रोज तिथेच गाड्या धुवायचा, ते पाणी थेट आत. पाच फुटांवर ड्रेनेजचं चेंबर, त्याची भिंत तडकलेली. तळाशी अर्धी वीत गाळ, दोन टेनिस बॉल आणि झाकणाचा गंजलेला तुकडा. शेवटचं कधी धुतलं होतं, कुणालाच आठवेना. चेंबर बांधून घेतलं, संपचा काठ वीतभर उचलला, दोन्ही टाक्या धुवून ब्लीचिंग पावडर मारली. घरटी दोन जारांइतकाही खर्च आला नाही.

त्यात एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली. आजारी पडलेल्या चार घरांपैकी दोन घरं जार पिणारी होती. त्यांचा जार खराब होता हे एक. पण समजा तो चांगला असता, तरी दात घासायला, कोथिंबीर धुवायला, मुलाची बाटली विसळायला पाणी नळाचंच ना?

सीलबंद नावाजलेल्या कंपनीचं पाणी वाईट असतं असं नाही. पण पैसे कशाचे देतोय ते कळू द्या. ज्याला आपण सर्रास ‘मिनरल वॉटर’ म्हणतो त्यातलं बहुतेक पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर असतं, आयएस १४५४३. झऱ्याचं, नैसर्गिक क्षारांचं पाणी वेगळं, त्याचा क्रमांक १३४२८ आणि भावही वेगळा. पहिल्या प्रकारात साधं पाणी फिल्टर करून, बहुधा आरओतून काढून, वर पुन्हा थोडे क्षार घालतात. गंमत म्हणजे बिसलेरीची भारतातली सुरुवात १९६५ साली आपल्या ठाण्यातच, वागळे इस्टेटमध्ये झाली. प्लास्टिकचंही आहेच: २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांना अमेरिकेतल्या बाटल्यांच्या पाण्यात लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजारांच्या आसपास प्लास्टिकचे कण सापडले. मी त्याचा बाऊ करत नाही, पण ‘बाटली म्हणजे शुद्ध’ हेही मला पटत नाही.

हिशेब करा. चार माणसांचं पिणं आणि स्वयंपाक धरला तर महिन्याला २० जार सहज लागतात. आमच्या गल्लीत सीलबंद जार ८० ला आहे, म्हणजे महिन्याला १,६००. लग्नाच्या हॉलवर येतात तसले थंड पाण्याचे उघडे जार स्वस्त पडतात, पण ते घरात घेऊच नका. घ्यायचाच झाला तर सील आणि एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक बघा. आयएसआय शिक्क्याची सक्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये उठलीय, त्यामुळे नुसतं तेवढंच शोधत बसू नका. आणि डिस्पेन्सरची तोटी आठवड्याला धुवा, तिच्या आत बुळबुळीत थर बसतो तो कुणी बघतच नाही.

माझ्या घरी काय, तर साधं यूव्ही मशीन (अतिनील किरणांनी जंतू मारणारं), आरओ नाही. पावसाळ्यात त्यावर उकळणं: खळखळून उकळी आली की मिनिटभर ठेवायचं आणि त्याच पातेल्यात झाकून गार करायचं. तुमच्या बाळासाठी मी बाराही महिने उकळलंच असतं. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास आला तर घाबरू नका, ते पाणी वाटेत सांभाळलं गेल्याची खूण आहे. रात्रभर माठात ठेवलं की वास जातो.

बाटली मी घेतो ती प्रवासात, किंवा पाणीपुरवठ्याच्या शटडाउननंतर पहिल्या दिवशी नळाला लाल पाणी येतं तेव्हा. माझी बहीण घोडबंदरला राहते, तिच्याकडे अर्धं पाणी टँकरचं. तिला मी यातलं काही सांगत नाही. टँकर बोअरचा की कुठला, रोज वेगळा, तिथे टीडीएस मोजून आरओ बसवणं किंवा सीलबंद जार घेणं बरोबरच आहे. तुमच्याकडेही उन्हाळ्यात टँकर येतो का ते वॉचमनला विचारा, तो खरं सांगेल.

आणि सेक्रेटरींना विचारा, संप शेवटचा कधी धुतला. तारीख सांगितली तर उत्तम. ‘रजिस्टर बघून सांगतो’ म्हणाले, तर रविवारी सकाळी टॉर्च घेऊन स्वतःच खाली जा.