घाटात तापणारा जुना ट्रक

प्रश्न : माझा सहाचाकी ट्रक 1998 सालचा आहे. रत्नागिरी परिसरातून जांभ्याचे चिरे भरून तो आंबा घाटाने कोल्हापूरकडे जातो. गेली दोन वर्षे साखरपा सोडून घाट लागला की तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकतो आणि वाटेत दोनदा थांबावे लागते. सपाट रस्त्यावर मात्र काही त्रास नाही. मेकॅनिकने थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकला आणि वॉटर पंप नवा बसवला. मागे रेडिएटर थोडा गळत होता, तेव्हा ड्रायव्हरने त्यात हळद टाकली आणि गळती थांबली. आता नळ्यांची एक रांग वाढवलेला जाड रेडिएटर बसवण्याचा सल्ला मिळत आहे. हा खर्च करावा का?
— एक ट्रकमालक, पाली (जि. रत्नागिरी)

उत्तर : आताच करू नये. हाच ट्रक नवा असताना कंपनीने दिलेल्या रेडिएटरवर घाट चढत होता, आणि आपण भार वाढवलेला नसेल तर इंजिनात निर्माण होणारी उष्णताही तेव्हाइतकीच आहे. म्हणून नवे काय बसवावे यापेक्षा मधल्या पंचवीसेक वर्षांत काय निघून गेले किंवा काय साचले, याचा शोध आधी घ्यावा लागेल. आपल्या पत्रातच त्यातील दोन गोष्टी आल्या आहेत.

पहिली गोष्ट थर्मोस्टॅटची. व्हॉल्व्ह काढला की पाणी मोकळे वाहते आणि इंजिन थंड राहते, असे गॅरेजमध्ये सर्रास मानले जाते. परंतु अनेक जुन्या ट्रक इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामे करतो : इंजिन तापल्यावर तो रेडिएटरकडची वाट उघडतो आणि त्याच वेळी पाणी इंजिनातच परत फिरवणारी आडवाट, म्हणजे बायपास, बंद करतो. तो काढून टाकला तर बायपास कायमचा उघडा राहतो आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न भेटताच पुन्हा इंजिनात शिरतो. सपाटीवर हे जाणवत नाही. भरल्या गाडीने घाट चढताना, जेव्हा पाण्याचा थेंब न् थेंब रेडिएटरमधून जायला हवा, तेव्हा मात्र नेमके हेच नडते. शिवाय सकाळी इंजिन बराच वेळ थंड राहिल्याने झीज वाढते आणि डिझेलही जास्त लागते. त्यामुळे आपल्या इंजिनासाठी सांगितलेल्या अंशांचाच नवा थर्मोस्टॅट बसवावा आणि बसवण्यापूर्वी तो तापत्या पाण्यात धरून उघडतो की नाही ते पाहावे.

दुसरी गोष्ट हळदीची. आडरस्त्यावर गाडी घरी आणण्यापुरता हा उपाय वाईट नाही, आणि तो करणाऱ्या ड्रायव्हरला आम्ही दोष देणार नाही. पण गळकी फट बुजवणारी तीच हळद अरुंद नळ्यांतही बसते. त्यात वर्षानुवर्षे बोअरचे पाणी भरले असेल, तर क्षारांचा थर आधीच चढलेला असणार. हा थर तांब्यापेक्षा शंभराहून अधिक पटींनी कमी उष्णता वाहून नेतो, म्हणजे तो आतून चढवलेल्या गोधडीसारखाच असतो. जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा असल्यास कारागीर वरची आणि खालची टाकी उघडून नळ्यांतून पट्टी फिरवतात. जाड रेडिएटरचा विचार करण्यापूर्वी हे काम करून घ्यावे, आणि गळती त्याच वेळी डाग देऊन बंद करावी.

जाड रेडिएटरबद्दल आमचे मत फारसे अनुकूल नाही. मागच्या रांगेला मिळणारी हवा पुढच्या रांगांनी आधीच तापवलेली असते, आणि जाडी वाढली की हवेला आरपार जाणेही कठीण होते.

हवेची बाजू तर सर्वांत दुर्लक्षित. जांभ्याची तांबडी धूळ आणि इंजिनाच्या ब्रीदरमधून, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या तोंडातून, उडणारे तेल मिळून रेडिएटरच्या बारीक पत्र्यांवर चिकट लेप बसतो. समोरून पाहिल्यास जाळी स्वच्छ दिसते आणि लेप मागच्या बाजूला असतो. पाणी पंख्याच्या बाजूने समोरच्या दिशेने, कमी दाबाने मारावे, अन्यथा पत्रे वाकतात. पंख्याभोवतीचे पत्र्याचे काउल आहे का, हेही पाहावे. जुन्या गाड्यांत एखाद्या दुरुस्तीत ते काढले जाते आणि परत बसत नाही. मग पंखा रेडिएटरमधून हवा खेचण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच घुसळत राहतो. समोरच्या शोभेच्या पाट्या आणि चमकत्या पट्ट्या पावसाळी जत्रेपुरत्या ठेवाव्यात, घाटात नव्हे.

दोष पाण्याच्या बाजूला आहे की हवेच्या, हे ओळखण्यासाठी तापमान मोजणारी गन पुरेशी आहे. घाटात काटा चढल्यावर सुरक्षित जागी थांबून, इंजिन चालू ठेवून, रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या होजचे, म्हणजे रबरी नळीचे, तापमान मोजावे. दोन्हींत मोठा फरक, समजा वीस अंशांहून अधिक, आढळला तर पाणी संथ वाहत आहे. दोन्ही जवळजवळ सारखेच तापलेले असतील, तर पाणी वाहते आहे पण हवा उष्णता नेत नाही. खालचा होज इंजिनाचा वेग वाढवल्यावर आत चिमटत असेल, तर तो लगेच बदलावा.

रेडिएटरच्या झाकणाची किंमत किरकोळ असते, म्हणून ते तपासायचे राहून जाते. घाटमाथ्यावर, सुमारे सहाशे मीटर उंचीवर, उघडे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळते. अर्धा बार दाब धरणारे झाकण असेल तर तेच पाणी जवळजवळ 110 अंशांपर्यंत टिकते. रबर कडक झालेले झाकण म्हणजे हा सगळा फायदा गमावणे होय. कूलंटची गोष्ट वेगळी आहे : ते पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहते, पण गंज आणि क्षार रोखते व उत्कलनबिंदू वाढवते. म्हणून ते सांगितलेल्या प्रमाणात, स्वच्छ आणि शक्यतो क्षारविरहित पाण्यातच मिसळावे.

हे सगळे करूनही गाडी तापली, तर थंड इंजिन चालू करून रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात का ते पाहावे. तसे असल्यास हेडची (इंजिनाच्या वरच्या भागाची) किंवा त्याखालच्या हेड गॅस्केटची तपासणी अटळ आहे.

प्रश्न : चढावर वरचा गेअर ठेवून इंजिन कमी फिरवले तर ते कमी तापेल, असे माझे ड्रायव्हर म्हणतात. बरोबर आहे का?
— वरील वाचकच

उत्तर : नाही. पंप आणि पंखा इंजिनाच्या वेगानेच फिरतात, त्यामुळे इंजिन रखडले की दोन्ही रखडतात. घाट लागण्यापूर्वीच खालचा गेअर घ्यावा, म्हणजे कमी थ्रॉटलवर वेग टिकेल आणि हवाही भरपूर मिळेल. काटा तरीही चढला, तर गाडी कडेला घेऊन इंजिन साध्या आयडलपेक्षा किंचित जास्त वेगाने काही मिनिटे चालू ठेवावे. मात्र पाणी बाहेर फेकले गेले असेल किंवा काटा अचानक खाली पडला असेल, तर इंजिन तत्काळ बंद करावे, कारण पाणी संपल्यावर सेन्सर हवेत उघडा पडतो आणि खोटे तापमान दाखवतो. झाकण गार होईपर्यंत उघडू नये, आणि तापलेल्या हेडवर गार पाणी ओतू नये. हेडला तडा जाण्याचे ते एक सर्रास कारण आहे.