चीनचा पासपोर्ट असलेल्या मैत्रिणीला थायलंड, मलेशिया आणि सिंगापूरला फिरायला व्हिसा लागतो का?

नाही, चीनचा साधा पासपोर्ट असेल तर या तिन्ही देशांत ३० दिवसांपर्यंतच्या पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही. चीनने या देशांशी परस्पर व्हिसामाफीचे करार केले आहेत: सिंगापूरशी ९ फेब्रुवारी २०२४ पासून, थायलंडशी १ मार्च २०२४ पासून, मलेशियाशी १७ जुलै २०२५ पासून (मलेशियाने मात्र स्वतःहून डिसेंबर २०२३ मध्येच दार उघडलं होतं). थायलंड आणि मलेशियात दर वेळी ३० दिवस मिळतात, पण कोणत्याही १८० दिवसांत मिळून ९० पेक्षा जास्त नाही. त्यामुळे सीमेपलीकडे जाऊन लगेच परत यायची युक्ती फार काळ चालत नाही.

व्हिसा नसला तरी तिन्हीकडे आगमनाचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. तो पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचा, मोफत असतो, आणि सरकारी साइटवरच भरा. पैसे मागणाऱ्या नकली साइट बऱ्याच आहेत. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंगही जवळ असू द्या, विमानतळावर विचारू शकतात.

ही सूट फक्त फिरण्यासारख्या छोट्या मुक्कामाला आहे, नोकरी किंवा शिक्षणाला नाही. आणि तुम्ही भारतीय पासपोर्टवर सोबत जाणार असाल तर तिचे नियम स्वतःला लावू नका: सिंगापूरच्या सहलीसाठी तुम्हाला आधी व्हिसा काढावा लागेल.