बाबांनी घड्याळ काढून ठेवलं

कोथरूडच्या एका मुलीचं पत्र आहे. बाबांना सात वर्षांपासून पार्किन्सन्स. दुपारी साडेतीनच्या सुमारास पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. अमेरिकेतल्या भावाने हालचाल टिपणारं मनगटी घड्याळ पाठवलं. तो तिकडून आलेख बघतो आणि रात्री फोनवर जाब विचारतो. बाबांनी घड्याळ कपाटात टाकलं. "त्यांना कसं समजावू?"

अगं, समजवायचं ते भावाला. आजारी माणसालाही स्वतःचा दिवस असतो, त्याची हजेरी कुणी घेऊ नये.

घड्याळ निरुपयोगी नाही हं. पार्किन्सन्सच्या गोळीतलं मुख्य औषध, लेवोडोपा, रक्तात दीडेक तासात निम्मं होतं. सुरुवातीला मेंदू सांभाळून घेतो, पुढे गोळीचा असर ओसरला की शरीर अडतं. डॉक्टर त्याला 'ऑफ' म्हणतात. त्यातून ओपीडीतल्या त्या दहा मिनिटांत बाबा नेमके ठणठणीत चालून दाखवणार! तिथे आठवडाभराची नोंद कामी येते.

पण घड्याळाला कळते ती हालचाल. उदासी, घालमेल कळत नाही. साधं पावलं मोजणारं असेल, तर भजनात टाळ वाजवले तरी तेही त्याच्या हिशेबात जायचे. शिवाय गोळी कधी घेतली, जेवण कधी झालं, हे सोबत लिहिलेलं नसेल तर आलेख वाचायचा कसा? भरपूर डाळ-पनीर खाऊन लगेच गोळी घेतली, तर प्रथिनं लेवोडोपाच्या आड येतात. पोट संथ असेल तरी गोळी उशिरा लागू पडते. साडेतीनचं कोडं इथेही असू शकेल. डॉक्टरांना विचार. आलेख बघून गोळीची वेळ किंवा मात्रा घरच्या घरी बदलायची नाही, भावानेही नाही.

बाबांशी सौदा कर: घड्याळ फक्त अपॉइंटमेंटच्या आधीचा आठवडा, आणि आलेख कुणाला दाखवायचा ते बाबा ठरवतील. तरी नको म्हणाले तर शाळकरी वही घे, अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने आख: बरं चाललंय, अडलंय, अंग नको तितकं हलतंय, झोप. बाबांचा हात कापत असेल तर त्यांनी सांगावं, तू लिही. डॉक्टर अशा डायऱ्या वर्षानुवर्षं वापरत आलेत.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, बाबांना तिथे घेऊन जा. मुलीने सांगितलेलं पटत नाही ते बरोबरीच्या माणसाने सांगितलं की पटतं.

आणि कुणी खाजकुइलीचं चूर्ण सुरू करून दिलं असेल तर तेही वहीत हवं. त्यातही लेवोडोपाच असतं, आणि डॉक्टरांना ते कुणी सांगत नाही.