पौंड वजनाचा आधी की पैशाचा? आणि जर्मन, डच लोकांकडेही हाच शब्द आहे का?

आधी वजनाचा. आणि हो, शब्द सगळ्यांकडे आहे.

रोमन लोक ‘लिब्रा पोंडो’ म्हणत, म्हणजे वजनाने एक लिब्रा. पुढे या जोडीची चक्क वाटणी झाली. इटालियन आणि फ्रेंचांच्या वाट्याला ‘लिब्रा’ आला, त्याचे लिरा आणि लिव्र झाले. रोमनांशी देवघेव करणाऱ्या जर्मानिक टोळ्यांनी ‘पोंडो’ उचलला: डच पोंड, स्वीडिश-डॅनिश पुंड, जर्मन प्फुंड, इंग्रजी पौंड. चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलमध्येही तो सुगंधी तेलाचं माप म्हणून येतो. इंग्रजांचं मात्र और आहे. बोलायला पोंडो, लिहायला लिब्रा! £ म्हणजे आडवी रेघ मारलेला ‘एल’, आणि वजनाचं ‘एलबी’ही तिथलंच.

पैसा यात शिरला तो चांदीमुळे. फ्रँक लोकांचा सम्राट शार्लमेन याच्या काळात एक पौंड चांदीची २४० नाणी पाडायची असं ठरलं, तोच हिशेब इंग्लंडात रुजला: २४० पेनींचा एक पौंड. कित्येक शतकं पौंडाचं नाणंच नव्हतं, ती नुसती वहीतली रक्कम. पहिलं नाणं हेन्री सातव्याने १४८९ मध्ये पाडलं, तेही सोन्याचं. दरम्यान पेनीतली चांदी घटत गेली, पण २४० चा आकडा १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत टिकला. आजचं एक पौंडाचं नाणं ८.७५ ग्रॅमचं, त्यात चांदीचा कणही नाही.

आपल्याला हे नवखं वाटायला नको. कंपनी सरकारचा १८३५ चा रुपया बरोबर एक तोळा भरायचा.

जर्मनांचा मार्कही मुळात चांदी तोलायचं वजनच, पण तो पैशाकडे गेला आणि प्फुंड बाजारात राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जर्मन राज्यांनी तो ५०० ग्रॅमचा ठरवला. इथल्या आठवडी बाजारात मी आजही ‘एक प्फुंड चेरी’ मागतो. पाटीवर भाव किलोचा असतो, पण बाई न विचारता काटा पाचशेवर आणते. डच पोंडही बोलण्यात ५०० ग्रॅमच.

इंग्रजी पौंड मात्र ४५३.५९ ग्रॅमचा. तेव्हा जर्मन पाककृती करून बघणार असाल तर प्फुंड म्हणजे सरळ अर्धा किलो धरा.