दर्यापूरच्या इहिरीला दगड का लागत नाही

ताई, तुमचा प्रश्न असा, की ३० सप्टेंबर २०२४ च्या दुपारी अमरावती जिल्ह्यात ४.२ चा भूकंपाचा धक्का बसला तेव्हा धारणीकडच्या तुमच्या घरात आधी फळीवरची भांडी खडखडली आणि मग घर हेलावलं. पण जमिनीच्या पोटात कोणी उतरलेलं नाही, मग ‘प्लेट (पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड मोठा तुकडा) सरकते’, ‘डोंगर वर येतो’ हे शास्त्रज्ञ कशावरून सांगतात? मी आयुष्यभर भूगोल शिकवला आणि सुट्टीत मेळघाटातले खडक पाहत हिंडलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भांडी, मग घर. धक्क्याची सगळी मोजणी याच क्रमावर उभी आहे. खडक मोडला की त्यातून दोन लाटा निघतात. पहिली दाबत-ताणत येते, वरच्या खडकात सेकंदाला साधारण ६ किलोमीटर. दुसरी आडवी हलवते आणि सुमारे साडेतीन किलोमीटरने मागून येते. या दोघींमध्ये जितके सेकंद गेले त्यांना आठाने गुणलं, की धक्क्याची जागा किती किलोमीटरवर ते ढोबळ कळतं. पाच सेकंद गेले तर चाळीसेक किलोमीटर. धक्के मोजणाऱ्या एका केंद्राला दिशा कळत नाही, अंतर कळतं. म्हणून तीन केंद्रांभोवती तीन वर्तुळं काढायची आणि ती कुठं मिळतात ते पाहायचं. शिवाय कोणत्या केंद्रावर पहिला झटका बाहेर ढकलणारा होता आणि कोणत्या केंद्रावर आत ओढणारा, यावरून भेगेची कोणती बाजू कुठं सरकली तेही काढता येतं. ती भेग डोळ्यांनी कोणीच पाहिलेली नसते.

आता डोंगराकडे येऊ. दर्यापूर-मूर्तिजापूरकडं इहीर खणा, बोअर मारा, माती आणि वाळूच येत राहते, पाणीही खारं. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला हे सांगायला नको. पूर्णेच्या या गाळाची जाडी काही ठिकाणी शेकडो मीटर आहे. पण तिथून उत्तरेला पन्नासेक किलोमीटरवर, परतवाड्याच्या पुढे, काळ्या पाषाणाचे डोंगर एकदम उभे राहतात आणि चिखलदरा हजार मीटरच्या वर जातो. दोन्हीकडचा पाषाण एकाच लाव्ह्याचा. एकीकडे तो आभाळात, दुसरीकडे गाळाखाली गाडलेला. मध्ये आहे गाविलगडची भेग. तिच्या दक्षिणेची जमीन खचत गेली आणि पूर्णेने तो खड्डा भरत आणला. सालबर्डीचे गरम झरे याच भेगेच्या पट्ट्यात आहेत. महाशिवरात्रीला जाल तेव्हा पाण्याला हात लावून बघा.

चिखलदऱ्याच्या कड्यावर उभं राहिलं की लाव्ह्याचे थर भाकरी रचल्यासारखे आडवे दिसतात, कुठं कुठं दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा. थर मुडपलेले नाहीत, म्हणजे हा डोंगर बाजूने दाबून उभा राहिलेला नाही. पुस्तकात याला गट पर्वत म्हणतात, म्हणजे भेगेलगत जमीन वरखाली सरकून उभा राहिलेला. हिमालयाची गोष्ट वेगळी. तो वली पर्वत, तिथं थर घडी पडल्यासारखे वाकलेत. आपल्या देवघरातला शाळिग्राम नेपाळच्या हिमालयातल्या गंडकी नदीतून येतो आणि त्यातलं चक्र हा समुद्रात राहणाऱ्या एका शंखधारी जीवाचा ठसा असतो. समुद्रतळाचा खडक हिमालयात चढलेला आहे, याचा पुरावा आपण रोज गंध लावून पूजतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती.

आणि प्लेट? त्याची साक्ष पुन्हा आपला काळा पाषाणच देतो. लाव्हा थंड होताना त्यातले लोहकण त्या वेळच्या चुंबकीय दिशेत गोठतात, आणि त्यांचा जमिनीशी असलेला कल सांगतो की ती जागा विषुववृत्तापासून किती दूर होती. १९५० च्या दशकात ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ ब्लॅकेट यांच्या गटाने दख्खनचे दगड मोजले, तेव्हा ते विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला थंड झाल्याचं निघालं. आज आपण २१ अंश उत्तरेला आहोत! जर्मन शास्त्रज्ञ वेगेनर यांनी १९१२ मध्ये मांडलेली खंडं सरकण्याची कल्पना तोवर बहुतेक भूशास्त्रज्ञ मानत नव्हते. दगडांचं वय किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून काढतात आणि ते सुमारे साडेसहा कोटी वर्षं येतं. आता तर जीपीएसने थेट मोजता येतं: भारत वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येला सरकतो, त्यातले साधारण २ सेंटिमीटर हिमालयात दाबले जातात.

तो दाब हिमालयातच थांबत नाही. सगळ्या प्लेटमध्ये पसरतो आणि जुन्या, कमकुवत भेगा शोधतो. १९९७ चा जबलपूरचा ५.८ चा भूकंप नर्मदेच्या अशाच पट्ट्यात, जवळपास ३५ किलोमीटर खोल झाला. १९९३ चं किल्लारी तर प्लेटच्या कडेपासून शेकडो किलोमीटर आत. तिथं माणसं गेली ती मुख्यतः माती-दगडाच्या जाड भिंती आणि वरच्या जड माळवदाखाली.

म्हणून ताई, ‘उद्या अमुक वाजता येणार’ असे मेसेज पुढं पाठवू नका. दिवस-वेळ सांगण्याची विद्या आज कोणाकडेच नाही. घराच्या भिंतीचे दोन्ही पदर आडव्या दगडांनी बांधलेले आहेत का, कोपरे उकललेत का, तेवढं गवंड्याकडून तपासून घ्या. आणि पुन्हा धक्का जाणवला तर भांडी वाजल्यापासून घर हलेपर्यंतचे सेकंद मोजून इथं लिहा, परतवाड्याहून मीही माझे लिहीन.