सीरियल किलरला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा होता की सीरियल किलरला मराठीत नेमकं काय म्हणतात, आणि 'क्रमिक हत्यारा' चालेल का.

नाही चालणार, निदान माझ्या कानाला तरी नाही. क्रमिक म्हटलं की मला शाळेचं क्रमिक पुस्तक दिसतं. आणि हत्यारा मला हिंदी वाटतो, आपल्याकडे हत्यार म्हणजे कोयता नाहीतर सुरा, माणूस नव्हे. 'मारेकरी' पण नको, कारण मारेकरी कुणीतरी 'घातलेले' असतात, त्यांच्यामागे एक धनी असतो. उरला साधा खुनी. खून हा मूळ फारसी शब्द, अर्थ रक्त, आणि कानाला तरी मुंबईतली खुन्नस आणि खुनशी माणूस त्याच्याच जवळचे वाटतात. पण गंमत बघा, सीरियल किलरची मेलेल्या माणसाशी बहुतेक वेळा काहीच खुन्नस नसते, ओळखही नसते.

माझं मत विचाराल तर मराठीने माणसाला नाव दिलंच नाही, घटनेला दिलं. खूनसत्र. हत्यासत्र. आणि हा शब्द भारी आहे, कारण सत्र म्हणजे मुळात दिवसेंदिवस चालणारा यज्ञ. जनमेजयाचं सर्पसत्र आठवा, बाप तक्षकाच्या दंशाने गेला म्हणून एकामागून एक साप आगीत. म्हणजे 'सीरियल'चा अर्थ आपल्या शब्दात आधीपासून बसलेलाच आहे. त्याच सत्रापासून अन्नसत्र, शाळेचं सत्र, आणि सत्र न्यायालयसुद्धा, जिथे खुनाचे खटले चालतात!

रामन राघवचंच घ्या. साठच्या दशकात मुंबईच्या उपनगरांत फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या लोकांची डोकी ठेचली जात होती, शेवटी 27 ऑगस्ट 1968 ला तो सापडला, म्हणे आधी कोंबडी खाऊ घाला मग बोलतो, आणि मग 41 खुनांची कबुली दिली. सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली, पण मनोरुग्ण ठरल्यामुळे पुढे हायकोर्टाने तिची जन्मठेप केली, 1995 ला पुण्यात ससून रुग्णालयात वारला. तेव्हा त्याला सीरियल किलर कुणी म्हणत नसे, कारण इंग्रजीतच तो शब्द रुळला नव्हता. जर्मनीत मात्र 1930 मध्येच गेन्नाट नावाच्या बर्लिनच्या पोलीस अधिकाऱ्याने पेटर क्यूर्टेन नावाच्या खुन्याबद्दल लिहिताना त्याच अर्थाचा जर्मन शब्द वापरला होता.

आमची आत्या परळच्या चाळीत वाढली, तिच्यासाठी 'रामन राघव' हे सामान्यनामच होतं. रात्री उशिरा जिना चढणाऱ्याला विचारायची, काय रे, रामन राघवसारखा कुठे फिरत होतास?

आता 'हत्याकांड', ज्याची लोक खूनसत्राशी गल्लत करतात. कांड म्हणजे प्रकरण, रामायणातलं अयोध्याकांड तसं, त्यात एका रात्रीत दहा मेले तरी हत्याकांडच, लागोपाठपणाची अट नाही. आणि मला खटकणारी गोष्ट ही की पुण्यातलं 1976-77 चं जोशी-अभ्यंकर हत्याकांड आपण मेलेल्यांच्या आडनावाने ओळखतो, पण मुंबईत फुटपाथवर मेलेल्यांचं एकही आडनाव कुणाला सांगता येत नाही, तिथे नाव उरतं ते मारणाऱ्याचं. तोही सापडला नाही तर दगडाचं नाहीतर बिअरचं, म्हणजे ऐंशीच्या दशकात सायन-किंग्ज सर्कलकडचा तो स्टोनमॅन किंवा 2006-07 मध्ये चर्चगेट-मरीन लाइन्सचा बिअर मॅन.

'माथेफिरू' पेपरवाल्यांचा लाडका, पण तो रेल्वेवर दगड मारणाऱ्यालाही लावतात, त्यामुळे त्याचं वजन गेलंय.

तर भाषांतरात 'ही इज अ सीरियल किलर' आलं तर सरळ सीरियल किलर लिहा, सगळ्यांना कळतो. वाक्य फिरवता येत असेल तर 'त्याने तीन वर्षं खूनसत्र चालवलं' असं लिहा. 'क्रमिक' तेवढं पुस्तकांना राहू द्या.