पोलंडच्या दुसऱ्या स्तरावरच्या फुटबॉल लीगचा हंगाम बघण्यासारखा असतो का?

असतो. एकदा शेवटचे तीन-चार आठवडे बघितलेत, तर पुढच्या वर्षी तुम्ही स्वतःहून तारखा शोधाल.

मी कोल्हापूरचा, सध्या कामासाठी क्राकुवमध्ये. शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांच्या मॅच बघत वाढलो, त्यामुळे इथे आल्यावर आधी मैदान शोधलं. ते निघालं विस्वा क्राकुवचं. पोलंडची लीग 13 वेळा जिंकलेला क्लब, 2022 मध्ये दुसऱ्या स्तरावर घसरलेला.

आधी नावाचा घोळ सांगतो. या लीगला ‘पहिली लीग’ म्हणतात, पण तिच्या वर एक्स्त्राक्लासा ही सर्वोच्च लीग आहे. 18 संघ, प्रत्येकाच्या 34 मॅच. पहिले दोन थेट वर, तळाचे तीन खाली. तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाचे संघ ‘बराझे’ खेळतात, म्हणजे प्लेऑफ. तिथे परतीची मॅच नाही. एकदाच खेळायचं, तेही तक्त्यात वर असलेल्याच्या मैदानावर. कडाक्याच्या थंडीत हंगाम थांबतो, म्हणून इथले लोक ‘शरदातली फेरी’ आणि ‘वसंतातली फेरी’ असंच बोलतात.

2023-24 चा हंगाम मी जन्मात विसरणार नाही. 2 मे रोजी वॉर्सात पोलिश कपची फायनल होती, विस्वा विरुद्ध वरच्या स्तरावरचा पोगोन श्चेचिन. आम्ही सहा जण एका मित्राच्या खोलीत टीव्हीसमोर. विस्वा एक गोलने मागे, नव्वद मिनिटं उलटून गेलेली, एकाने गळ्यातला पांढऱ्या ताऱ्याचा, म्हणजे विस्वाच्या चिन्हाचा, स्कार्फ काढून घडी घालायला घेतला होता. भरपाई वेळेच्या नवव्या मिनिटाला सात्रुस्तेगीने बरोबरी केली! जादा वेळेत रोदादोने दुसरा मारला आणि कप आमचा. तोच संघ त्या महिन्याअखेर लीगमध्ये दहावा आला. बराझेसुद्धा नाहीत. कपमध्ये एकेक रात्र जिंकून भागतं, इथे 34 वेळा उभं राहावं लागतं.

पण त्या वर्षी खरं काळीज पिळवटलं ते ग्दीनियाच्या आर्का या क्लबने. लेखिया ग्दान्स्क वर जाणार हे ठरलेलं होतं, दुसरी जागा आर्काच्या हातात होती. शेवटच्या फेरीत घरच्या मैदानावर कातोवित्सेशी नुसती बरोबरी पुरेशी होती. 0-1 ने हरले. आद्रियान ब्वोंतच्या त्या एका गोलवर कातोवित्से 19 वर्षांनी एक्स्त्राक्लासात परतलं. आर्का बराझेमध्ये गेली, ओद्रा ओपोलेला हरवलं, आणि 2 जूनला पुन्हा त्याच मैदानावर लुब्लिनच्या मोटरशी फायनल. मॅच संपत आली तरी आर्का 1-0 ने पुढे होती. अखेरच्या काही मिनिटांत मोटरने दोन मारले. आदल्या वर्षी तिसऱ्या स्तरावर असलेला हा संघ, 1992 नंतर पहिल्यांदाच सर्वात वरच्या लीगमध्ये. आठवडाभरात एकाच गवतावर दोनदा तोंडचा घास जाणं काय असतं, हे मला त्या प्रेक्षकांचे चेहरे बघून कळलं.

पुढच्या हंगामात आर्का थेट वर गेली.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर फेब्रुवारीत करा, वसंतातल्या फेरीपासून. आणि जमलं तर सहाव्या जागेवर डोळा ठेवून असलेला एखादा संघ धरा.